वन्संची तिवरं

भाऊ गेल्यावर नणंद आपली बॅग घेऊन वहिनीच्या दारात उभी राहिली. "तुलाही कुणी नाही, मलाही कुणी नाही. चहा टाक," म्हणाली. तेव्हापासून दोघी एकत्र राहत होत्या. गल्लीत सगळे त्यांना वहिनी आणि वन्सं असंच म्हणायचे.

वहिनी होड्यांच्या ताडपत्र्या शिवायची. वन्सं उभा जन्म सुईणीचं काम करून आता गुडघ्यांमुळे घरी बसल्या होत्या. त्यांचा दिवस मागच्या खिडकीत जायचा. खिडकीबाहेर खाडीपर्यंत तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, दाट रान होतं.

"काय बघता हो त्या चिखलात?" वहिनी मशीन चालवत विचारायची. "डास नि वास, दुसरं आहे काय तिथे?"

"बाळंतपणं होतात तिथे. माशांची, कोळंब्यांची. त्या मुळांच्या जाळीत पिल्लांना कुणी खायला येत नाही. थोडी मोठी झाली की निघाली खाडीत."

"निवृत्त झालात, पण धंदा काही सुटला नाही!"

मग धक्क्याकडे जाणारा नवा रस्ता झाला, रानाच्या आणि खाडीच्या मधून, उंच भरावाचा. काही महिन्यांत तिवरं पिवळी पडू लागली. वन्संचं जेवण कमी झालं. पालिकेची पर्यवेक्षक बाई पाहणीला आली आणि सहज बोलून गेली, "मेलेलंच रान आहे. भराव टाकून बाग करू."

संध्याकाळी वहिनीला दिसलं, की वन्सं भिंतीला धरून कुंपणापाशी गेल्यात आणि तांब्याने झाडांना पाणी घालतायत.

"अहो, एवढ्या रानाला तांब्याभर पाणी?"

"मग काय नुसती बघत बसू?" म्हणत वन्संनी उरलेला तांब्या पुढच्या झाडाशी ओतला.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी वहिनी मशीन बंद करून, झाडांना झालंय काय ते बघायला रस्त्यावर गेली. खाडीच्या बाजूला पाणी काठोकाठ होतं. रानाच्या बाजूला भेगाळलेला चिखल आणि कुजक्या पाण्याची डबकी. रस्त्याखाली पाणी जायला पाइप होता, पण त्याच्या तोंडावर रस्ता करणाऱ्यांनी राडारोडा ओतून ठेवला होता.

तिने पर्यवेक्षक बाईला हाताला धरून तिथे आणलं. बाईने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि कपाळाला हात लावला. "आमचीच चूक आहे. पण राडारोडा उपसायचं मशीन यायला वेळ लागेल."

"मशीन येईल तेव्हा येईल," म्हणत वहिनीने पदर खोचला आणि ती चिखलात उतरली. गुडघ्यापर्यंत रुतली. धक्क्यावरचे मासेमार हसले, मग फावडी घेऊन आले. त्यांचीही जाळी हल्ली हलकीच येत होती. खुर्चीत बसून वन्संनी रस्त्यावरून सगळ्यांना फैलावर घेतलं: "अरे, ती कोवळी मुळं तुडवू नका! त्यातूनच श्वास घेतात ही झाडं!"

शेवटचा दगड निघाला तसं पाणी आधी झिरपलं, मग घोंघावत आत शिरलं. वन्सं टाळ्या पिटत रडत होत्या. "आलं गं बाई, सुखरूप आलं!"

कडेची काही झाडं गेली ती गेलीच. बाकीची पुढच्या ऋतूत हिरवी झाली. रिकाम्या जागी भरतीबरोबर वाहत आलेली रोपं आपणहून रुजली. बाईने बागेचा विचार सोडून पाइपाला जाळी बसवून दिली. त्या वर्षी वादळाने धक्क्यावरच्या दोन होड्या फोडल्या, पण रानामागच्या गल्लीत पाणी आलं ते फक्त उंबऱ्यापर्यंत, लाटेचा सगळा जोर झाडांत जिरवून.

वादळ ओसरल्यावर वहिनीने एका मासेमाराची छोटी होडी मागून घेतली, रस्त्यावरून रानाच्या बाजूला उतरवून घेतली आणि वन्संना उचलून तीत बसवलं. भरतीच्या पाण्यात दोघी झाडांमधून हळूहळू चालल्या होत्या. मुळांभोवती बोटाएवढी पिल्लं चमकत होती.

"वल्हं उचल!" वन्सं कुजबुजल्या. "झोपलीयत ती."

"मासे कधी झोपतात का, वन्सं?" वहिनी म्हणाली, पण वल्हं तिने अलगद वर घेतलं.