हललेला फोटो

धाकटीने नाण्याच्या जागी तळहाताएवढा आरसा ठेवला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून पाहिलं. आरशात भिंगाचं वर्तुळ बरोबर मधोमध दिसलं की कॅमेरा खाली सरळ बघतोय असं समजायचं, ही बाबांची रीत. वर्तुळ जरासं डावीकडे होतं. तिने स्टँडचा स्क्रू केसभर फिरवला, आरसा काढला, काळ्या मखमलीवर बाटलीचं बूच ठेवलं आणि त्यावर नाणं अलगद टेकवलं. दोन्ही बाजूंचे दिवे इतके खाली आणले की राजाच्या झिजलेल्या चेहऱ्यावर नाकाची सावली उमटली. मग टायमर लावून तिने हात मागे घेतले.

फोटोत राजाला दोन नाकं आली.

शेजारच्या स्वयंपाकघरात आई चालत होती. ओट्यापासून कपाटापर्यंत, कपाटापासून ओट्यापर्यंत. खाली सुताराचं दुकान, वर ही लाकडी फळ्यांची जमीन. कुणी नुसता पाय उचलला तरी कॅमेऱ्याला कळायचं. आणि नाणं एवढ्या जवळून टिपायचं म्हटलं की जमिनीचा इवलासा हादराही फोटोत चांगला हातभर होतो.

नाणी संग्रहालयाची होती. बाबा वर्षानुवर्षं त्यांचे फोटो काढून देत आले होते. शेवटची पेटी अर्धी राहिली आणि ते गेले. पेटी न्यायला उद्या माणूस येणार, म्हणून धाकटी आली होती. निदान दादाला तिने तसं सांगितलं होतं. खरं तर ती आईसाठी आली होती. बाबा गेल्यापासून आई एका जागी टेकली नव्हती. भेटायला आलेल्यांना चहा दिला, त्यांच्या कपबश्या विसळल्या, पडदे धुतले, डबे घासले, घासलेले पुन्हा घासले. डोळ्यांत टिपूस नाही. दादा रोज फोनवर विचारायचा, "रडली का?" जणू ताप होता तो, उतरला का म्हणून विचारायला. धाकटी त्यावर हसायची. पण परवा आईला जिन्यात घेरी आली, तेव्हापासून तिचंही हसणं बंद झालं.

"आई, बस ना जरा."

"बसून काय करू? ही कढई बघ, काय अवतार झालाय."

"सकाळीच घासलीस ती."

"ह्याला घासलेली म्हणतात?"

दुसरा फोटो हलला. तिसराही.

"येतायत का नीट?" आईने आतून विचारलं.

"नाही. हलतायत."

"दिवे बदलून बघ."

"दिव्यांचं नाही गं ते..."

काय करायचं ते धाकटीला ठाऊक होतं. टायमर दाबण्याआधी बाबा मोठ्याने "थांबा!" म्हणायचे, आणि घरातला प्रत्येक माणूस असेल तिथे थिजायचा. एकदा मामा तोंडात चहाचा घोट धरून बसला होता, गिळू की नको अशा चेहऱ्याने. पोस्टमन सहीसाठी पुढे केलेला हात तसाच धरून दारात उभा राहिला होता. दूध तर कितीदा उतू गेलं त्याची गणतीच नाही. "लग्नातल्या फोटोग्राफरनेसुद्धा मला एवढं उभं केलं नव्हतं," असं आई म्हणायची, पण थांबायची. कळ वाजायची, बाबा "आला!" म्हणायचे आणि घर पुन्हा सुरू व्हायचं.

ती हाक बाबांची होती. धाकटीच्या घशातून ती निघेना.

फळ्या करकरल्या. आई दारात येऊन उभी राहिली. हातात झाकण ठेवलेलं पातेलं.

"तू थांबा का म्हणत नाहीस?"

"मला वाटलं, तुला..."

"मला काय?" आईने पातेलं या हातातून त्या हातात घेतलं. "जन्म गेला माझा, कुणी थांब म्हटलं की थांबायचं. आपलं आपण कसं थांबतात, मला नाही येत."

हे ती चिडूनच म्हणाली, आणि वळून पुन्हा चालायला लागली.

धाकटीने बटणावर बोट ठेवलं. घसा खाकरला.

"थांबा!"

आवाज मधेच फाटला. पण स्वयंपाकघरातलं पाऊल थांबलं. आई पाठमोरी, एक पाय पुढे टाकलेला, तशीच उभी राहिली.

टायमरचा लाल ठिपका लुकलुकला, कळ वाजली. पडद्यावर राजा आला. एकच नाक, ओठांची बारीक कड, कितीतरी अंगठ्यांनी गुळगुळीत केलेला गाल. लख्ख. बाबांनीसुद्धा हा पुन्हा काढला नसता.

तेवढ्यात पातेल्यावरचं झाकण वाजायला लागलं. आधी ऐकू येईल न येईल असं, मग सारखं. आईने पाय हलवला नव्हता. खांदे मात्र तिच्या ताब्यात राहिले नव्हते.

"आला का?" तिने तशीच पाठमोरी विचारलं. आवाज ओला होता.

धाकटीने पडद्यावरचा फोटो पाहिला आणि दिवे हळूच मालवले.

"नाही," ती म्हणाली. "हलला गं. तू थांब अजून."