बटणांच्या म्युझियमकडचा हात

मित्रांनो, मला हात पाच आणि डोकं एकही नाही. आमच्या गावात अशी माणसंही आहेत, पण त्यांना लोक निवडून देतात. मी मात्र वाट दाखवणारा एक जुना खांब आहे. पडलकोंब गावच्या चौकात उभा. किती जुना, ते विचारू नका. मला घडवणारा सुतार वर्षं मोजता मोजता म्हातारा झाला आणि शेवटी कंटाळून गेला.

त्यानं मला ओकच्या लाकडातून कोरलं आणि चार हात लावले. एक चर्चकडे, एक किल्ल्याकडे, एक बदकांच्या तळ्याकडे आणि एक बटणांच्या म्युझियमकडे. किल्ला म्हणजे एक भिंत आणि त्या भिंतीला एक खिडकी. बाकीचे दगड गावकऱ्यांनी डुकरांची घरं बांधायला नेले. म्हणून आमची डुकरं आजही असा तोरा मिरवतात, की विचारू नका. पाचवा हात नगरपालिकेनं मागाहून ठोकला, संडासाकडचा. खरं सांगू? सगळ्यात जास्त मान त्यालाच मिळतो.

एका मार्च महिन्यात असा वारा सुटला, की मी जागच्या जागी गर्रकन फिरलो. दोन दिवस किल्ल्याचा हात संडास दाखवत होता. बाहेरगावचे पाहुणे आले, संडास चारी बाजूंनी न्याहाळला, भिंतीवरून हात फिरवला आणि "फारच छान जपलाय हो!" म्हणून निघून गेले. एकानंही तक्रार केली नाही. आमच्याकडे तक्रार करणं म्हणजे चारचौघांत पायजम्यावर येण्यासारखं. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा. ती तेव्हाही माझ्याच डोक्यावर बसली होती. म्हणजे, डोकं असतं तर जिथं असतं तिथं.

सुरुवातीला लोक माझ्यापाशी उभं राहून फोटो काढायचे. मग रंग उडाला, शेवाळ चढलं, कुणी बघेना. फक्त हेस्टरबाई पॉपलवेल दर वसंतात बादली आणि फडकं घेऊन यायच्या. म्युझियम त्यांचंच. वडिलांनी मांडलेलं, खाली दोन खोल्यांत अकरा हजार बटणं, वर बाईंचं राहणं. त्या आधी म्युझियमकडचा हात धुवायच्या आणि मग उरलेले चारही. म्हणायच्या, "एकालाच आंघोळ घातलेली बरी दिसत नाही." संडासाकडचासुद्धा, मित्रांनो!

एकदा बाई तो एकच हात पुन्हा पुन्हा धूत होत्या. खाटकाची बायको डोरा तिथून चालली होती.

"काय गं हेस्टर, तोंड का उतरलंय?"

"नगरपालिकेचं पत्र आलंय. म्हणे म्युझियम बघायला कुणी येत नाही, तिथं गाड्या लावायला जागा करणार. शनिवारी त्यांचा माणूस मोजायला येतोय. दहा ते बारा. वीस माणसं आली तर ठीक, नाहीतर कुलूप."

"अगं बाई! गेल्या आठवड्यात किती आले?"

"दोन. एक पाद्रीसाहेब. दुसरा पावसातून आत शिरला, थांबल्यावर गेला. बटणांकडे पाठ करून उभा होता मेला."

"मग घरोघरी जाऊन सांग की!"

"म्हणजे, या म्हणून सांगायचं? लोकांना?" बाईंच्या हातातलं फडकं बादलीत पडलं. "छे गं! किती लाजिरवाणं!"

शनिवार उजाडला तो रिमझिम घेऊनच. पावणेदहाला नगरपालिकेचे ग्रिमशॉसाहेब आले. उंच, सरळ, काळी छत्री. गल्लीतलं म्युझियमचं दार माझ्यापासून नीट दिसतं, म्हणून माझ्याशेजारी उभे राहिले. मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होते.

तेवढ्यात निवृत्त पोस्टमन सायलस कुत्रा घेऊन आला. त्यानं एक माणूस बघितला. सरळ उभा, घड्याळात डोळे. तो मुकाट मागे उभा राहिला. कुत्राही बसला.

मग एक बाई आली, टोपली घेऊन. ती सायलसच्या मागे. तिच्या मागे आणखी चौघं.

"बराच वेळ झाला का हो?" बाईनं हळूच विचारलं.

"मी आत्ताच आलो. पण पुढचे साहेब केव्हापासून आहेत."

"म्हणजे चांगलंच असणार काहीतरी."

कशाची रांग, हे कुणी विचारलं नाही. तसं विचारणं आमच्याकडे बरं दिसत नाही. इतक्यात शेजारच्या परगण्यातली सहलीची बस आली. एरवी ते लोक तळ्यावर जातात, बदकांना बघतात, बदकं त्यांना बघतात, आणि बस सुटते. आज ते उतरले आणि रांग दिसल्याबरोबर कसे शहाण्यासारखे मागे उभे राहिले! अठ्ठावीस जण!

ग्रिमशॉसाहेबांनी सहज मागे वळून बघितलं. मागे चौतीस माणसं, चौतीस छत्र्या आणि एक कुत्रा. साहेबांनी घाईघाईनं पुन्हा घड्याळात डोकं घातलं. आता सांगायचं तरी कसं, की भिजत उभे आहात ते फुकटच?

चर्चमध्ये दहाचे ठोके पडले. हेस्टरबाईंनी दार उघडलं.

"साहेब, उघडलं बरं का," सायलस म्हणाला. "चला."

"नाही नाही, तुम्ही व्हा पुढे. मी आपला उगाच उभा आहे."

"भलतंच! पहिले तुम्ही आलात. रांग म्हणजे रांग."

मागे चौतीस जणांनी एकदम घसा खाकरला. मित्रांनो, आमच्या देशात याला बंड म्हणतात. साहेब गेले बिचारे. त्यांच्या मागे अख्खी रांग गल्लीत शिरली.

पुढचं कबुतरांनी खिडकीतून बघून मला सांगितलं. बाईंनी चहा ठेवला. मग त्यांनी ते बिशपचं बटण दाखवलं, जे प्रवचनात शिंक आल्यावर पोटावरून सुटलं, ऑर्गनच्या नळीत शिरलं आणि तीन रविवार नुसतीच शीळ घालत राहिलं. हसून हसून टोपलीवाल्या बाईच्याच झग्याचं बटण तुटलं. हेस्टरबाईंनी तेही लगेच कपाटात ठेवलं. अकरा हजार एक.

बारा वाजून गेले तरी साहेब आतच. शेवटी बाहेर आले तेव्हा मागोमाग बाई आल्या.

"किती झाले, साहेब?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी वही उघडली, पण पेन्सिल टेकवली नाही. "बाई, मी खोटं लिहीत नाही. ही माणसं बटणांसाठी आली नव्हती. माझ्या मागे उभी राहिली, इतकंच. ही मोजता येणार नाहीत."

बाईंनी दाराची चौकट धरली. वरच्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीकडे एकदा बघितलं.

सायलस अजून कुत्र्याचा पट्टा सोडवत होता. तो म्हणाला, "साहेब, रांगेनं आत नेलं, कबूल. पण आत कुणी बांधून ठेवलं होतं का? मला दहा मिनिटांत घरी जायचं होतं. बायको माझं काय करील, देवाला ठाऊक. आणि तुम्ही हो? दोन तास तुम्ही काय मोजत होतात?"

ग्रिमशॉसाहेब कानापर्यंत लाल झाले. "तिसऱ्या कपाटापर्यंतच पोचलोय," ते पुटपुटले. "अजून चार राहिलीत."

मग त्यांनी लिहिलं, चौतीस. जरा थांबले. ते खोडलं आणि लिहिलं, पस्तीस.

म्युझियम राहिलं. गाड्या आजही लोक कुठंही लावतात, आणि कुणी तक्रार करत नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात असं एखादं लहानसं काहीतरी असेल. कुणी जात नाही म्हणून तुम्हीही जात नसाल. एकदा जा. दारापाशी सरळ उभे राहा, जमलं तर घड्याळ बघा. कुणाला तरी पहिलं व्हावंच लागतं. मी झालो असतो हो, पण मला पाय दिलेच नाहीत सुतारानं.