आपसूक उगवलेलं

श्रावणातल्या दर आयतारी, म्हणजे रविवारी, आमच्या सर्वण गावच्या घरी सूर्याची पूजा होते. पाटावर रानातली पत्री मांडायची आणि मधोमध गावामागच्या उघड्या कातळावरचं, सड्यावरचं फूल ठेवायचं. पिवळ्या बोंडाभोवती बारीक पांढऱ्या पाकळ्या. आम्ही त्याला आयतारीच म्हणतो. आमच्या घराण्याची अट एकच, माणसाने लावलेलं काही पाटावर येता नये. आपसूक उगवलेलंच देवाला. म्हणून बायका पहाटे सडा चढायच्या आणि न बोलता खुडून आणायच्या.

मग सडा खाणीला गेला. भोवती कुंपण आलं, वर कोणी चढू देईना. गणपतीची चवथ झाली की खणणार, असं ठरलं होतं.

माझी लेक क्षमा पणजीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. कुंपण यायच्या आधी तिने वाळलेली बोंडं ओढणीत बांधून आणली होती.

"आई, सर म्हणतात, नुसत्या वाळक्या बोंडावरून जात ठरत नाही. एकाच झाडाचं फूल हवं, पिकलेलं बी हवं. त्यांना वाटते तीच जात निघाली, तर ती थोड्याच सड्यांवर उगवते. मग तेवढा तुकडा तरी सोडा म्हणून सांगता येईल."

तेवढा तुकडा. मीही देवाकडे दुसरं काही मागितलं नाही.

तिने डालड्याच्या डब्यांत बी पेरलं. पहिली रोपं शेणखतात कुजली. मग कुंपणाकडची खडीमाती आणून घातली, तेव्हा जगली.

"आवयसारखीच गे तुजीं झाडां," माझ्या थोरल्या जाऊबाई पद्मावतीवैनी माझ्या उपासांवर रोख धरून तिला म्हणाल्या. "उपाशी ठेवलीं की खूश!"

श्रावणात डब्यांतली आयतारी फुलली. क्षमाने मला भिंगातून दाखवली. "हे एक फूल नाही गं. ही प्रत्येक पाकळी वेगळं फूल, मधला एकेक ठिपकाही वेगळं फूल. सगळी एकाच देठावर बिऱ्हाड करून आहेत."

"आनी तीं एकमेकांकडे भांडनांत?" पद्मावतीवैनींनी विचारलं. "मगे आमच्या घरातलीं न्हय तीं."

बी पिकलं. सरांनी तपासलं, तीच जात निघाली. लॅटिन नाव घेऊन क्षमा धावतच घरी आली. दारापुढच्या बाल्कांवावर बसलेले माझे दीर बाबलीभावजी पोट धरून हसले. "राजभास मराठी की कोंकणी म्हणून आमी एकमेकांचीं टकलीं फोडलीं, आनी ह्या फुलाची भास तिसरीच!"

त्या दिवशी आम्ही सगळेच हसलो.

तेवढा तुकडा सोडा म्हणून क्षमाने अर्ज केला. पणजीच्या खाणखात्याच्या कचेरीत बोलावणं आलं तेव्हा फुललेला डबा मी बसमध्ये मांडीवर धरून नेला. साहेबांनी फूल कौतुकाने पाहिलं.

"कुठे वाढवलंत?"

"अंगणात," क्षमा म्हणाली. "पण मूळ सड्यावरचं..."

"अंगणात एवढं छान येतं ना? मग नष्ट काय होतंय?"

शेजारी खाणीचा माणूस बसला होता. तो गोड बोलला, "बाय, कुंड्या आम्ही देतो. किती हव्यात सांग."

"सड्यावर ते आपसूक येतं," मी म्हटलं.

"मावशी, तुमच्या हाताला गुण आहे. कुंडीतही येईल."

परतताना क्षमा खिडकीबाहेर बघत होती. "मी लावलंच नसतं तर?"

"तर नाव कळलं नसतं."

"नाव कळून काय झालं?"

मी डबा सांभाळत बसले.

श्रावणातला शेवटचा आयतार आला. आदल्या दिवशी टेम्पोतून कुंड्या आल्या होत्या, लाल रंगवलेल्या, वर खाणीचं नाव. क्षमाने त्यांना हात लावला नाही.

मी पाट मांडला. पत्री ओहोळाकाठी मिळाली होती. मधली जागा मोकळी ठेवली. डब्यांतली आयतारी दारातून दिसत होती.

पद्मावतीवैनी हळूच म्हणाल्या, "घाल गे ह्या वर्सा त्यांतलेंच एक. दुसरें खंयसून आनतलें?"

"लावलेलं आहे ते, वैनी."

"मगे जागा मोकळीच? देव रागार जातलो."

मी निरांजन लावलं.

"जाऊंदे. कोणावर रागवायचं ते त्याला ठाऊक आहे."