आवाजाची कार्डं

महादेवने गाडी तिसऱ्यांदा फिरवून आणली आणि तिसऱ्यांदाही तिच्यातून आवाज आला नाही. मी शेजारी कान देऊन बसलो होतो. उरण रोडवर मैलभर जाऊन त्याने चारही गिअर टाकून दाखवले, क्लच दाबला, सोडला. गाडी निमूट चालली.

"मास्तर, आवाज तुमच्या कानात हाय," गॅरेजसमोर उतरत तो म्हणाला. "गाडीत नाय."

मी मास्तर नव्हतो. वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, एवढंच. पण हे महादेवला सांगायचा धीर मला दोन वर्षांत झाला नव्हता. कानांबद्दलचं त्याचं म्हणणंही मी कबूल केलं असतं, पण माझ्या बायकोला, पद्मजाला, तो आवाज ऐकू येत होता.

दर रविवारी मी तिला पनवेलहून गव्हाणला नेत असे. तिची थोरली बहीण शशिकला तिथल्या शाळेत शिकवायची. निवृत्तीनंतर तिथेच राहिली आणि आता दोन वर्षं अंथरुणावर होती. एरवी शेजारीण बघायची. रविवारचं न्हाऊ घालणं पद्मजाचं. पद्मजाच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपत नाही, म्हणून साठी उलटल्यावर मी गाडी शिकलो आणि ही जुनी गाडी घेतली. गेले दोन महिने ती चालताना खालून बारीक किरकिर करायची, पत्र्यावर पत्रा घासावा तशी.

"वाटेत बंद पडली तर मी चालत कुठे जाणार?" असं म्हणून पद्मजाने विचुंब्याच्या प्रितमला निरोप धाडला होता. तो रविवारी संध्याकाळी गाडी विकत घ्यायला येणार होता. गाडी गेली की गव्हाणही संपलं, हे दोघांनाही माहीत होतं. आम्ही ते बोललो नव्हतो. आज शुक्रवार होता.

"गिअरबॉक्समध्येच दोष असावा," मी म्हणालो. "पुस्तकात तसं दिलंय."

"गिअरबॉक्स उतरवतो की. पन आत काय शोधू, ते सांगा."

मग मी पिशवीतून कार्डं काढली. वाचनालयातून निवृत्त होताना उरलेली कोरी कार्डं मला दिली होती. प्रत्येक फेरीचं एक कार्ड : तारीख, वेग, गिअर, आवाज, आणि तळाशी शेरा. मागच्या दोन खेपांना ती पिशवीतच राहिली होती. माणूस हसेल असं वाटायचं.

महादेवने हात पुसले आणि एकेक कार्ड वाचायला घेतलं.

"'तिसरा गिअर, आवाज मोठा. मन अस्वस्थ.' ह्ये पन लिवता?"

"सवय आहे."

"गाडीला तुमच्या मनाचं काय करायचंय?"

पाच-सहा कार्डांनंतर तो थांबला.

"'आवाज मुळीच नाही. डाव्या अंगठ्याला ठेच, पट्टी बांधली आहे.' ह्ये काय?"

"त्याचा संबंध नाही. उगाच लिहिलं गेलं."

"पट्टी बांधून गाडी चालवली?"

"जायलाच हवं होतं. पाय क्लचला लागला की कळ यायची, म्हणून फक्त गिअर बदलताना ठेवत होतो."

महादेवने किल्ली माझ्यापुढे धरली. "बसा. तुमी चालवा."

त्याच्यासमोर चालवायची मला लाज वाटायची. म्हणून गॅरेज आलं की मी आपणहून त्याला चालवायची जागा मोकळी करून देत असे. आता इलाज नव्हता. शंभर पावलं गेलो असू, किरकिर सुरू झाली. महादेव रस्त्याकडे बघतच नव्हता. तो खाली बघत होता.

"डावा पाय खाली ठेवा."

"खालीच आहे."

"वाईच बघा तरी."

माझा पाय क्लचवर होता. इतका हलका, की मलाच कळलं नव्हतं. मी तो उचलला. आवाज थांबला. पुन्हा टेकवला, पुन्हा आला.

"क्लचचं बेअरिंग झिजलंय," तो म्हणाला. "पाय नुसता टेकवला की ते सारखं फिरत बसतं, कुरकुरतं. मी क्लच पुरता दाबतो, नायतर पाय खाली ठेवतो, मंग ते कशाला बोलेल? पन तुमी पाय ठेवता कशाला?"

"शिकवणारा म्हणायचा, गोंधळलात की आधी क्लच दाबा."

"मंग?"

"मी सारखाच गोंधळलेला असतो."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. "गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, पन आता काय शोधायचं ते कळलं. उद्या बेअरिंग टाकतो. पाय मला बदलता येनार नाय."

घरी येऊन मी पद्मजाला सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे दोन महिने तुम्हीच किरकिर करत होता," ती म्हणाली. प्रितमला मात्र तिने लगेच नको म्हणून कळवलं नाही. "आधी जाऊन येऊ."

रविवारी गाडी गप्प होती. जाताना पद्मजा डोळे मिटून ऐकत राहिली. शशिकलाताईंना न्हाऊ घालून, त्यांची वेणी घालून ती परत आली तेव्हा तिच्या पदराला शिकेकाईचा वास होता. ती थकली होती, मीही. परतीच्या वाटेवर समोरून ट्रकांची रांग आली. ती संपेपर्यंत माझे खांदे दुखू लागले.

पद्मजा पुढे वाकून माझ्या पायाकडे बघत होती.

"खाली," ती म्हणाली.

तो पुन्हा क्लचवर गेला होता. बेअरिंग नवं, त्यामुळे कुणी बोललं नव्हतं. मी पाय खाली घेतला.

पनवेल जवळ आल्यावर पद्मजा म्हणाली, "प्रितम आला की चहा देऊन परत पाठवते. पण दर रविवारी मी खालीच बघत बसणार, सांगून ठेवते."

"बघत बस," मी म्हणालो.

त्या दिवशीचं कार्ड लिहायचं राहिलं. वाटभर क्लचपासून दूर धरलेला डावा पाय फार दुखत होता.