दुपारपर्यंतचा फोन

काकांचा फोन सकाळी घरातून निघताना काठोकाठ भरलेला असायचा आणि दुपारचा डबा उघडेपर्यंत मान टाकायचा. मधल्या वेळात काका त्याला हातही लावत नसत. खिशात नुसता पडून असायचा आणि पडल्या पडल्या तापायचा. मांडीला चटका बसला की काका तो या खिशातून त्या खिशात टाकत, एवढाच काय तो त्याचा वापर.

दुसऱ्या कुणाचा असता तर खपून गेलं असतं. पण काका लिफ्टवाले, एका कंपनीत दुरुस्तीला. कुठे लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत माणूस कोंडला, की पहिला फोन काकांना. तो लागला नाही तर आतला माणूस दार बडवत बसतो आणि बाहेरचे कंपनीच्या नावाने खडे फोडतात. असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा आत एक डॉक्टर होते. त्यांनी बाहेर आल्यावर पाणीसुद्धा न पिता थेट कंपनीच्या मोठ्या साहेबाला फोन लावला.

काकांचा साहेब त्यांच्या मुलाच्या वयाचा. त्याने काकांना बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच काकांनी ओळखलं, बातमी चांगली नाही.

"काका, तुमच्या हाताला तोड नाही," साहेब म्हणाला. "पण हात पोहोचायला आधी फोन लागायला हवा ना? आता पुन्हा असं झालं तर मी तुम्हाला गोदामात बसवणार. सुटे भाग द्यायचे, घ्यायचे. डोक्यावर पंखा. वाईट काय आहे त्यात?"

काकांना पंखा नको होता. त्यांची उमर इमारतींच्या माथ्यावर, मशीनरूममधल्या तेलाच्या वासात गेली होती. मोटर कुरकुरली तर ती कशाने कुरकुरते हे त्यांना जिना चढतानाच कळायचं. असा माणूस गोदामात बसून वॉशर मोजणार म्हणजे त्याला जिवंतपणी घडी घालून ठेवल्यासारखंच.

मग काका फोनच्या मागे लागले.

कोपऱ्यावरचा मोबाइलवाला म्हणाला, बॅटरी गेली. त्याने नवी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन पुन्हा आडवा. काका परत गेले तर तो म्हणाला, "मग बोर्ड गेला असेल."

"उद्या म्हणशील, मालकच गेला," काका म्हणाले आणि फोन उचलून बाहेर पडले.

मुलाला विचारलं. तो फोनवरच म्हणाला, "बाबा, तुमची अ‍ॅप्स मागे उघडी राहतात. ती बोटाने वर ढकलून बंद करत जा." झालं. काका दिवसभर ढकलत बसले. जिन्यात ढकलली, बसच्या रांगेत ढकलली, डबा खाताना डाव्या हाताने ढकलली. ढकललेलं अ‍ॅप मागच्या दाराने पुन्हा आत यायचं आणि नव्याने जेवायला बसायचं. त्या दिवशी फोनने दुपारसुद्धा गाठली नाही.

मुलीला विचारलं. ती म्हणाली, "उजेड कमी करा, बाबा." काकांनी उजेड इतका कमी केला की फोन कुणाचा आलाय ते दिसेना. दोन वेळा त्यांनी साहेबाला "काय गं" म्हटलं.

काकू म्हणाल्या, "अहो, म्हातारा झालाय तो. नवा घ्या."

"म्हातारा झाला म्हणून बदलायचं असेल तर सुरुवात फोनपासूनच का?"

"जीभ तेवढी अजून चार्ज आहे तुमची," काकू म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या.

रविवारी काकांची घरून पाळी होती, म्हणजे फोन आला तरच निघायचं. काकू सकाळीच बहिणीकडे गेल्या होत्या. घरात टोकणारं कुणी नव्हतं. काकांनी फोन टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि मनाशी म्हणाले, आता कुणाला विचारायचं नाही. लिफ्टचा फ्यूज सारखा उडायला लागला की ते अंदाज बांधत बसत नसत. एकेक तार सोडवायची आणि वाट बघायची. जी सोडवल्यावर फ्यूज टिकला, चोर त्या तारेवर.

त्यांनी आधी ब्लूटूथ बंद केलं. फोन गरमच. मग इंटरनेट बंद केलं. थोडा निवला, पण बॅटरीचा आकडा घसरतच होता. इंटरनेट परत सुरू करून त्यांनी लोकेशन बंद केलं. ते सुरू कशाला होतं हे त्यांना माहीत नव्हतं, आपण कुठे आहोत हे आपल्याला ठाऊक असतंच. चहा करून, पिऊन, भांडं विसळून आले तर फोन गार. काकांनी तो गालाला लावून पाहिला. माठासारखा गार. आकडा जागचा हललेला नव्हता.

"सापडलास," काका म्हणाले.

तेवढ्यात तोच फोन वाजला. चौकापलीकडच्या इमारतीचा वॉचमन होता. लिफ्ट अडकली होती आणि आत वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, हातात भाजीची पिशवी, गुडघे दुखणारे. काका पिशवी उचलून निघाले.

त्यांनी वॉचमनला लिफ्टच्या दाराशी उभं केलं, त्याच्याशी फोन जोडून तो स्पीकरवर टाकला आणि मशीनरूममध्ये जाऊन मेन स्विच पाडला. आता काम हाताचं होतं. एका हाताने दांडा दाबून ब्रेक मोकळा करायचा, दुसऱ्याने मोटरचं चाक फिरवायचं, म्हणजे लिफ्ट बोट बोट वर सरकते. मजला बरोबर आला की खालच्याने "बास" म्हणायचं.

"येऊ द्या, काका, येऊ द्या," वॉचमन म्हणत होता. "अजून वीतभर."

फोन टूं टूं करायला लागला. दुसरा कुणीतरी मध्ये घुसत होता. काका कोपराने तो कॉल झटकायला गेले आणि नेमका तोच उचलला गेला.

"बाबा, कुठे आहात?" मुलगा होता. "तुम्ही दिसत नाही आहात."

काकांनी ब्रेकचा दांडा सोडून दिला. चाक जागच्या जागी थांबलं. "दिसत नाही म्हणजे? तू कुठून बघतोयस?"

काकांनी कॉल तोडला, वॉचमनला पुन्हा धरलं, पण चाकाला हात लावतात तोच मुलगी. "बाबा, बरे आहात ना? तुमचा ठिपका सकाळपासून घरीच अडकलाय आणि घरचा फोन कुणी उचलत नाही."

"माझा काय?"

तिलाही तोडलं. वॉचमन कंटाळून म्हणाला, "काका, बाई विचारतायत, थांबलं का? त्यांना उत्तर काय देऊ?"

"त्यांना सांग, माझं खानदान मध्ये आलंय."

मग काकूंचा फोन आला. ज्या बाईला फोनमधलं काही कळत नाही म्हणून घरात गॅसचं बुकिंग काका करत, ती म्हणाली, "अहो, तुमचं लोकेशन का गेलंय?"

काकांनी तिघांचेही पुढचे कॉल वाजू दिले, वॉचमनवर कान ठेवला आणि बाईंना मजल्यावर आणलं. दार उघडल्यावर बाई म्हणाल्या, "वरचं सगळं आत ऐकू येत होतं. शिस्त नाही घरात." काकांनी मान डोलावली. साहेबाचा फोन आला, की म्हणे आज काकांना चक्क लगेच फोन लागला, इमारतीतून कौतुक आलंय. काकांनी तेही अर्धवटच ऐकलं. त्यांचं डोकं घराकडे लागलं होतं.

संध्याकाळी त्यांनी मुलाला आणि मुलीला बोलावून घेतलं. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसले. गेल्या उन्हाळ्यात काका एका मशीनरूममध्ये चक्कर येऊन पडले होते. ते कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं, वॉचमन वर गेला तेव्हा सापडले. दवाखान्याच्या बाकावर बहीणभाऊ कुणाचं दुर्लक्ष झालं यावरून भांडले आणि तेव्हापासून एकमेकांशी आईमार्फत बोलत.

"मी फोटो साफ करायला तुमचा फोन घेतला होता ना, तेव्हा ते ठिपका दाखवणारं अ‍ॅप टाकलं," मुलगी म्हणाली.

"मी अपडेटच्या वेळी," मुलगा म्हणाला. "आई, हिला सांग, हिनं टाकलंय हे मला माहीत असतं तर मी टाकलं नसतं."

"मी समोरच बसलेय, आईला कशाला सांगतोस?" मुलगी म्हणाली.

"आणि तू?" काकांनी काकूंकडे पाहिलं.

काकू पदराचं टोक नीट करत म्हणाल्या, "ही पोरं एकमेकांना काही सांगत नाहीत, मग मला कोण सांगणार? मी त्या मोबाइलवाल्याकडून घालून घेतलं."

"ज्याने मला बॅटरी विकली?"

"तोच."

काकांनी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. तिघं तीन बाजूंनी दिवसभर त्याच एका फोनला विचारत होते, म्हातारा कुठे आहे, म्हातारा कुठे आहे, आणि उत्तर देता देता फोन मरत होता. फोन मेला की म्हातारा कुठे आहे ते तिघांनाही कळत नव्हतं.

"तिन्ही काढा. आत्ता. माझ्यासमोर," काका म्हणाले.

"आणि पुन्हा पडलात तर?" काकूंचा आवाज एकदम खाली गेला. "मला तो दिवस परत नको."

दिवसभराचा राग ओठापर्यंत येऊन परत फिरला. शेवटी ते म्हणाले, "मशीनरूममध्ये शिरताना तुला फोन करीन, बाहेर आलो की करीन. आत जास्त वेळ लागला तर तू साहेबाला फोन कर. या दोघांना काय कळवायचं ते तू बघ."

"शिरायच्या आधी. शिरल्यावर नाही," काकू म्हणाल्या.

"शिरायच्या आधी."

दोघांनी एकमेकांच्या मदतीने तिन्ही अ‍ॅप्स काढली. कुठलं कुठे लपलंय यावरून वाद झाला, पण तो एकमेकांशीच झाला.

सोमवारी दुपारी फोन टुणटुणीत होता. काकांना एका मोटरला तेल घालायचं होतं. मशीनरूमच्या कुलपात किल्ली घालून त्यांनी काकूंना फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. मग मुलीला लावला, तोही व्यस्त. मुलाला लावला तर तो म्हणाला, "बाबा, त्या दोघी तासभर बोलतायत. तुम्ही आता फोन करणार आहात, हेच आई तिला सांगतेय."

"मग तुला सांगून आत जाऊ?"

"नको हं बाबा. आई मला खाईल."

काका जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, तेलाची बाटली शेजारी ठेवली आणि पुन्हा काकूंचा नंबर दाबला.