शंभर किलोमीटरची अट

माझा नवरा मकरंद त्या नव्या सायकलवर पहिल्यांदा आडवा झाला, तेव्हा मी खो खो हसले होते. सायकल कसली, आरामखुर्चीला चाकं लावली होती. पाठ टेकलेली, पाय पुढे, पॅडल जवळजवळ छातीच्या उंचीला, आणि मागे काठीवर केशरी झेंडा. खाली काहीतरी आहे एवढं तरी बसवाल्यांना कळावं म्हणून. कराडहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाल्या, "दक्षिणेकडे पाय करून दिवसभर जाणार हा? अगं ऊर्मी, असं निजूसुद्धा नये."

आम्हाला मात्र दक्षिणेकडेच जायचं होतं. मैलापूरच्या आमच्या घरून महाबलीपुरम आणि परत, शंभराच्या थोडं वर. आठ महिन्यांपूर्वी इरुंगाट्टुकोट्टैला कामावर एक पेटी उचलताना मकरंदच्या मणक्यातली गादी सरकली आणि तेव्हापासून डाव्या पायात कळ. साध्या सायकलवर वाकता येईना, खुर्चीत बसता येईना. ओट्यापाशी उभा राहून जेवायचा. ऑपरेशनची तारीख गुरुवारची होती. त्याच्या वडिलांचं असंच ऑपरेशन झालं होतं आणि ते पुन्हा उठले नाहीत, त्यामुळे नुसतं नाव काढलं तरी हा पांढराफटक पडायचा. मग गेल्या आठवड्यात कळ थांबली. थांबलीच एकदम. लगेच याने अट घातली: रविवारी शंभर किलोमीटर जाऊन येतो, एकदाही दुखलं नाही तर गुरुवार रद्द.

मी हो म्हणाले. भांडणात मी कुणाला हार जाणारी नाही, पण तेव्हा भांडले नाही. मलाही ते ऑपरेशन नकोच होतं.

पहाटे पाचला निघालो. तो पुढे, मी स्कूटरवर मागे. तिरुवान्मियूरला चहाच्या टपरीवरचे लोक उठून बघायला लागले. "सार, तूंगिट्टे पोरींगळा?" एकाने विचारलं, झोपूनच चाललात का म्हणे. मकरंदने खुशीत हात हलवला. मुट्टुकाडूच्या पुलावर त्याचा डावा पाय पॅडलवरून घसरला आणि रस्त्याला घासत मागे ओढला गेला. थोडक्यात वाचला. "सवय नाही अजून," म्हणाला, आणि पट्ट्याने पाय पॅडलला बांधून टाकला. मी स्कूटर पुन्हा सुरू केली. नवऱ्याला असं खुशीत बघून आठ महिने झाले होते.

महाबलीपुरमला साडेनऊला पोचलो. इडली खायला तो चक्क खुर्चीत बसला.

"दुखतंय?"

"काडीचं नाही!"

हे तो दर अर्ध्या तासाने सांगत होता, आणि दर वेळी बरं वाटायच्या ऐवजी माझी नजर त्याच्या डाव्या पायाकडे जात होती. का, ते कळत नव्हतं. की कळत होतं आणि मीच कळून घेत नव्हते, कोण जाणे.

परतताना साडेअकराला तिरुविडंदैच्या पेरुमाळच्या देवळापाशी तो थांबला. "बंद व्हायच्या आत पाया पडून येऊ. तीस-पस्तीसच तर उरलेत."

मे महिन्याचं ऊन. चपला-बूट बाहेर काढले. आवारातले दगड असे तापलेले, की लग्न जमावं म्हणून गळ्यात हार घालून प्रदक्षिणा घालणारी एक मुलगी अक्षरशः पळत होती आणि तिची आई "सूडु, सूडु", भाजतंय भाजतंय, करत तिच्या मागे. मीही चटके खात, उड्या मारत काथ्याच्या पट्टीवर पोचले आणि मागे वळून पाहिलं.

मकरंद उघड्या दगडावर उभा होता. उजवा पाय भाजला असावा, तो उचलून त्याने डाव्या पोटरीला टेकवला होता. सगळा भार डाव्यावर. बगळ्यासारखा निवांत उभा राहून तो गोपुराचा फोटो काढत होता.

"अरे, इकडे ये ना! भाजत नाही का?"

"हे बघ," तो तिथूनच ओरडला, "डाव्या पायावर! एकट्यावर उभा आहे मी! कळ नाही, काही नाही!"

मागच्या भेटीत, हा बाहेर औषधं घ्यायला गेलेला असताना, डॉक्टर विजयलक्ष्मी मला म्हणाल्या होत्या, "दुखणं आपोआप थांबलं तर खूश होऊ नका. आधी पाय बधिर झालाय का ते बघा. झाला असेल तर त्याच दिवशी घेऊन या. उशीर झाला तर ऑपरेशन करूनही तो पहिल्यासारखा होईल याची खात्री नाही." हे मी मकरंदला सांगितलंच नव्हतं. आधीच घाबरलाय, त्यात आणखी कशाला, अशी मी माझीच समजूत घातली होती. कळ थांबून आज सहा दिवस झाले होते.

मी त्याला ओढतच मंडपाच्या सावलीत आणलं, खाली बसवलं आणि डावा पाय मांडीवर घेतला. तळव्यावर हा एवढा फोड आला होता. तो अजून हसतच होता. मग त्याने वाकून फोड पाहिला.

"हे कधी झालं?"

"डोळे मीट," मी म्हणाले.

त्याने मिटले. मी अंगठ्यापाशी नख रोवलं, होता नव्हता तेवढा जोर लावून.

"दाब ना," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, अगदी हळू, "ऊर्मी, दाब ना."

मी केव्हाची दाबत होते.