नाक्यावर अडलेला कागद

सोनारीच्या धनगरवाड्यात त्या सकाळी कडूबाईनं सासूच्या पुढ्यातलं सूत उचलून पाहिलं. धुरपताबाईनं काळ्या लोकरीत पांढरी मिसळून कातलं होतं. जिच्या सुताच्या घोंगड्या पंचक्रोशीत नावाजल्या जायच्या, तिला आता काळं-पांढरं उमगत नव्हतं.

"समदं धुक्यावानी दिसतंय, कडू," सासू हळूच म्हणाली. "गोरोबाला सांगू नगंस. हात थांबला की मानूस घराला जड होतंय."

पण कडूबाईनं नवऱ्याला सांगितलं.

"माझ्या आबाला डोळ्यासाठी बार्शीला नेलं, पन त्यो कर्ता गडी," गोरोबा म्हणाला. "बाईमाणसाला कशाला दवाखाना? चैत्रात जत्रंला डोळं उघडनारा शांतलिंग वैद्य येतोय की."

घरोघरी हीच रीत होती. पुरुषाच्या डोळ्याला दवाखाना, बाईच्या डोळ्याला जत्रा.

काळभैरवाच्या जत्रेत शांतलिंगाचं कापडी पाल पडलं. खांबाला काचेत बसवलेला इंग्रजी कागद, त्यावर तांबडा शिक्का. निजामाच्या राज्यातल्या त्या गावात उर्दू वाचणारे चार होते, इंग्रजी वाचणारा एकही नव्हता. लोक शिक्क्यालाच हात जोडत.

धुरपताबाईला पुढ्यात बसवून वैद्यानं मोतीबिंदू सारायची सुई धोतराला पुसली.

"एकच डोळा करा, म्हाराज," कडूबाई म्हणाली. "दुसरा मागनं बघू."

"पुन्हा वर्षभर थांबणार का? दोन्ही जोडीनं मोकळे करतो."

कडूबाईनं सासूकडं पाहिलं, शिक्क्याकडं पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

सुई फिरली. थोड्या वेळानं म्हातारी ओरडली, "कडू, तुझं कुंकू दिसतंय गं!" भोवतालच्या गर्दीनं 'चांगभलं'चा गजर केला. वैद्यानं पट्ट्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी पाल उठवून तो गेला.

तिसऱ्या दिवशी पट्टीखालून पू वाहू लागला. म्हातारी भिंतीवर डोकं आपटू लागली. गोरोबानं गाडी जुंपली. हद्दीवरच्या नाक्यावर निजामाच्या शिपायांनी गाडीतलं अंथरूणसुद्धा झाडून पाहिलं. पलीकडं इंग्रजी अंमलातली बार्शी.

तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडून डोळे तपासले.

"दोन्ही डोळे नासलेत," ते म्हणाले. "एक जरी शिल्लक असता, तर कदाचित मी दृष्टी देऊ शकलो असतो."

कडूबाई सासूकडं बघत म्हणाली, "म्या एकच म्हनले होते... मग म्याच मान हलवली."

वैद्याचं नाव ऐकून डॉक्टरांचा चेहरा कडवट झाला. "तो इथं एका दवाखान्यात पट्ट्या बांधायला होता. त्याच्या कागदावर तेवढंच लिहिलंय. सुया खुपसायला लागला तशी इकडं त्याला बंदी झाली. मग तो नाका ओलांडून तुमच्याकडं आला."

"मग आमच्याकडं कुनी सांगितलं का न्हाय?"

"मी लिहिलं होतं, बाई. पण राज्य वेगळं, कायदा वेगळा. आमचा कागद नाक्यावरच अडतो."

"कागद अडला अन् मानूस न्हाय अडला व्हय? डोळा तर हिकडं बी त्योच, तिकडं बी त्योच!"

डॉक्टरांनी म्हातारीच्या डोळ्यांवर नवी पट्टी बांधली.

वर्ष गेलं. पुन्हा जत्रा भरली, पुन्हा तेच पाल. "बाईनं चारचौघांत त्वांड उघडू नये," गोरोबा म्हणाला. कडूबाईनं लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचं ऐकलं नाही. सासूचा हात धरून ती पालाच्या तोंडाशी उभी राहिली.

"तुमी कुठं शिकलाव? कुनी पारखलं तुमाला?"

वैद्यानं कागदाकडं बोट केलं.

"त्यात पट्ट्या बांधल्याचं लिवलंय!"

धुरपताबाईनं स्वतःच पदर मागं सारून नासलेले डोळे दाखवले. रांगेतल्या बायांनी तोंडावर हात घेतले. निम्मी रांग मोडली. पण वाशी गावाहून आलेली एक म्हातारी चाचपडत पुढं झाली. "आमाला बार्शीला कोन नेनार गं, बाई?" असं म्हणून ती आत शिरली. कडूबाईला तिला थांबवता आलं नाही.

त्या पावसाळ्यात बार्शीच्या डॉक्टरांनी कडूबाईच्या सांगण्यावरून दोन्ही सरकारांना अर्ज लिहिले. डोळ्याला हात लावणाऱ्याचं शिक्षण हद्दीच्या दोन्ही अंगांना सारखं असावं, परीक्षा सारखी असावी, आणि एकीकडं बंदी झालेल्याला दुसरीकडं थारा नसावा. पहिला अंगठा धुरपताबाईचा. कडूबाईनं तिचा हात धरून कागदावर टेकवला. उत्तर कुठूनच आलं नाही. थंडीत म्हातारी गेली. जाताना "तुझी चूक न्हवं, कडू" एवढं म्हणाली. कडूबाईला ते कधी पटलं नाही.

पुढं चैत्राच्या चैत्राला ती गोरोबाला गाडी जुंपायला लावायची आणि आंधळ्या बायांना गोळा करून बार्शीला न्यायची.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, नाका उठला. गावात नवे अंमलदार आले. पानसुपारी, भाषणं झाली. कडूबाई बायकांतून उठून पुढं आली.

"सायेब, हद्द गेली. आता तरी सुई धरनाऱ्याला कुनी इचारनार हाय का, की तू कुठं शिकलास?"

"अर्ज द्या, बाई," साहेब म्हणाले.

"दोन दिलेत," कडूबाई म्हणाली. "त्यातला अंगठा मेला. तिसरा माझा घ्या." आणि तिनं साहेबांच्या टेबलावरची शाईची दौत पुढं ओढली.